मोजणीदाराची लेक आणि शिवेवरची परी

जिथे ढग डोंगराच्या खांद्यावर डोकं टेकून दुपारची झोप काढतात, तिथे सोनशिवार नावाचं एक गाव होतं. त्या गावात नागोजी मोजणीदार राहायचे आणि त्यांची चिमुकली लेक सगुणा. सगळे तिला सगू म्हणायचे. सगूला आई नव्हती. घरात एक चूल होती, दोन वाडगी होती आणि अंगणात एक पेरूचं झाड होतं. भाकरी संपली की बापलेक पेरू खायचे. पेरूही संपले की पाणी पिऊन गपचूप झोपायचे. सगू मात्र कधी कुरकुरली नाही.

आता मोजणीदार म्हणजे काय, ते सांगायला हवं. कुणाचं शेत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते लांबलचक लोखंडी साखळीनं मोजायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर हद्दीचा दगड पुरायचा, हे त्यांचं काम. एका दगडापासून निघायचं, सगळ्या शेतांना वळसा घालायचा आणि फिरून त्याच दगडाशी यायचं. साखळी बरोबर त्या दगडाला टेकली, तर मोजणी जुळली. वीतभर जरी चुकली, तर पुन्हा पहिल्यापासून! ऊन असो, काटे असोत, चिखल असो, त्याला इलाज नाही.

त्या वर्षी नदीला मोठा पूर आला. पाणी ओसरलं तेव्हा सगळ्या शिवारावर मऊ, चंदेरी गाळ पसरला होता. ना बांध दिसे, ना दगड. मोजणीचा पहिला दगड तेवढा उंचावर होता, म्हणून वाचला. दिसायला फार सुंदर होतं हो, पण लोकांचं डोकं फिरलं. "इथवर माझं!" "छट्, तिथवर माझं!" करता करता शेजारी शेजाऱ्यावर काठ्या घेऊन धावले.

शेवटी पाटील म्हणाले, "नागोजी, आज दिवस मावळायच्या आत मोजणी जुळवा. नाही जुळली, तर साखळी खाली ठेवा आणि गाव सोडा. तुमच्यापायी इथे डोकी फुटायला नकोत."

नागोजी मान खाली घालून उभे राहिले. कारण एक गोष्ट फक्त सगूला ठाऊक होती. बाबांच्या डोळ्यांवर धुकं उतरलं होतं. हातातली साखळी त्यांना जेमतेम दिसे, पण साखळीच्या दुसऱ्या टोकाची झेंडी दिसत नसे. झेंडी दिसली नाही की साखळी वाकडी पडे, आणि साखळी वाकडी पडली की मोजणी कशी जुळणार?

सकाळपासून दोनदा मोजून झालं. दोन्ही वेळा चुकलं.

"यांना दिसत नाही की काय?" शेजारच्या हिराकाकू ठसक्यात म्हणाल्या. त्यांची जीभ म्हणजे हिरवी मिरची! "मोजणीदार म्हणे! यापेक्षा माझी म्हैस सरळ चालते."

लोक खो खो हसले आणि भाकऱ्या सोडायला आंब्याखाली जाऊन बसले. सगूचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले, झेंडी उचलली आणि ती तिसऱ्यांदा निघाली.

साखळी ओढत ओढत ती नदीकाठच्या लव्हाळ्यात शिरली आणि एकदम थबकली. पुढे, अगदी साखळीच्या वाटेवर, गाळातल्या खळग्यात इवली इवली ठिपकेदार अंडी होती. टिटवीची! टिटवी बिचारी पिवळ्या पायांवर नाचत ओरडत होती, "टिटीव टिटीव, टिटीव टिटीव!"

साखळी तशीच ओढली असती, तर अंड्यांचा चुरा झाला असता. वळसा घालायचा, तर वेळ जाणार. आणि सूर्य तर डोंगराकडे कलायला लागला होता.

"घाबरू नकोस गं," सगू म्हणाली. "तुझं घर मोडून मी कुणाचं शेत मोजणार?"

बाबांनी शिकवलं होतं तसं तिनं केलं. काटकोनात बाजूला वळली, मग सरळ पुढे गेली, मग तितकंच अंतर आत येऊन पुन्हा मूळ रेषेवर पोचली. एकटीनं साखळी सावरताना तिचे तळहात सोलून निघाले. अंड्यांना मात्र धक्काही लागला नाही.

तोच लव्हाळी झगमगली! टिटवीच्या जागी एक परी उभी होती. तिचे पंख पहाटेसारखे गुलाबी होते, पावलं हळदीसारखी पिवळी, आणि कानांत लाल लाल खडे लुकलुकत होते. सगूचा आ वासला तो वासलाच.

"मी शिवेवरची परी," ती हळूच म्हणाली. "जिथे एकाची जमीन संपून दुसऱ्याची सुरू होते, तिथे मी राहते. माग सगू, तुला एक वर देते."

"माझ्या बाबांचे डोळे बरे कर!" सगू क्षणाचाही विचार न करता म्हणाली.

परीचा चेहरा उतरला. "बाळ, माझा वर फक्त जमिनीवर चालतो, माणसावर नाही. असं काहीतरी माग, जे ही जमीन देऊ शकेल."

सगूनं गाळानं झाकलेल्या शिवाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तर मग जमिनीखालचे जुने दगड मला दिसू देत."

"दिसतील. पण फक्त तुलाच. आणि पहिल्या दगडाशी परत येईपर्यंत साखळी हातातून सोडायची नाही."

परीनं जमिनीला बोट लावलं मात्र, आणि बाई गं, काय सांगू! गाळाच्या खाली एक दगड उजळला. मग दुसरा, मग तिसरा. निळे, केशरी, पोपटी दगड दूरवर पेटत गेले, आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सोनेरी रेषा धावल्या. सगळं शिवार एखाद्या मोठ्या रांगोळीसारखं झळाळू लागलं. ही रांगोळी इतकी वर्षं पायाखाली होती, आणि आपल्या बाबांनी, त्यांच्या बाबांनी चालून चालून ती काढली होती! सगूनं नकळत हात जोडले, पण साखळी सोडली नाही.

"बाबा, साखळी ताणून धरा!" ती ओरडली. "मी बरोबर जागी उभी राहते!"

ती झेंडी रोवी, आंब्याखालून उठून आलेले लोक खणत, आणि खाली दगड सापडे. पुन्हा झेंडी, पुन्हा दगड! काठ्या एकेक करून खाली गेल्या.

चालता चालता सोनेरी रेषा सगूच्याच घराकडे वळली. रेषा अंगणात शिरली होती, आणि हिरवा दगड पेरूच्या झाडाच्या अलीकडे चमकत होता. त्यांचं कुंपण वर्षानुवर्षं सरकत सरकत पुढे गेलं होतं आणि कुणालाच कळलं नव्हतं. पेरूचं झाड होतं शेजारच्या हद्दीत. म्हणजे कुणाच्या? त्या हिराकाकूंच्या!

सगूच्या मनात आलं, झेंडी जरा पलीकडे रोवली तर? तिथे दगड नाही सापडला, तर पुरात वाहून गेला म्हणता येईल. हा उजेड दुसऱ्या कुणाला दिसत होता थोडाच? आणि झाड गेलं, तर उद्या खायचं काय?

तिनं मागे पाहिलं. बाबा साखळी धरून तिच्या दिशेनं पाहत उभे होते. त्यांना ती दिसत नव्हती, तरी त्यांचा तिच्यावर पूर्ण भरवसा होता.

सगूनं हिरव्या दगडावर झेंडी रोवली. "इथे खणा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

दगड निघाला. हिराकाकू बघतच राहिल्या. "अगं पोरी, हे झाड तर माझं झालं! आपल्याच तोंडचा घास दिलास होय गं?" त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला. "मग बाकीचे दगड खोटे कसे असतील? मिटवा रे भांडणं! आणि सगू, झाडावर चढणं काही मला जमायचं नाही. पेरू काढायला रोज तूच यायचं, अन् आधी तुम्ही दोघांनी खायचे."

सूर्य डोंगराला टेकला. शेवटचं साखळीभर अंतर उरलं होतं. नागोजींनी एक टोक धरलं, दुसरं घेऊन सगू पहिल्या दगडाकडे निघाली. सारं गाव मागोमाग आलं. साखळी ताणली गेली आणि दगडाच्या बरोबर मधोमध टेकली.

"जुळली!" पाटील ओरडले.

सगूनं साखळी खाली ठेवली. त्याबरोबर शिवारभरचे सगळे रंग जमिनीतून उठले आणि परीभोवती गोळा झाले. आता ती सगळ्यांनाच दिसत होती.

"सगू," परी हसून म्हणाली, "तू मागितलंस, तेव्हा मला देता येत नव्हतं. पण आता मी आपणहून देते, आणि आपणहून दिलेल्याला कसला आलाय नियम?"

तिनं पंख उघडले. शिवारभर लख्ख उजेड पसरला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

साखळीच्या त्या टोकाला नागोजी डोळे चोळत उभे होते. "लाल आहे," ते पुटपुटले. "सगू, झेंडी लाल आहे!" मग त्यांची नजर झेंडीवरून खाली आली आणि लेकीवर थांबली.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या परकराला किती गं ही ठिगळं! मला कधी दिसलीच नाहीत."

आणि साखळी तिथेच टाकून ते तिच्याकडे धावत सुटले.