खाली बसून मोजलेली शाळा

एक संशोधक होता, आणि त्याच्या पायाला भिंगरी होती. आपण त्याला निशिकांत म्हणू. त्र्यंबक आजगावकर नावाच्या, आता कुणाला ठाऊकही नसलेल्या वास्तुकाराचा त्याने ध्यास घेतला होता. या गृहस्थाने शंभर वर्षांपूर्वी खेड्यापाड्यांत शाळा बांधल्या. पण स्वतःच्या नावाची पाटी कुठे लावली नाही, आणि नकाशे वाळवीने खाल्ले. कागदोपत्री त्याच्या नावावर दोनच शाळा उरल्या होत्या. नदीकाठची तिसरीही त्याचीच, असे गावकरी सांगत. ती पाडायची की राखायची हे ठरवायला सोमवारी समिती येणार होती आणि तिला निशिकांतचा अहवाल हवा होता.

शुक्रवारी तो अहवाल घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला. बसायची तयारी नव्हती. ही शाळा आजगावकरांची नव्हे, असे त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकले. त्या दोन शाळांत खिडक्या जमिनीपासून तीन फुटांवर सुरू होतात, इथे दीड फुटावर. माणसाच्या जेमतेम गुडघ्याला लागतात. एवढा ढोबळ प्रमाद तो थोर माणूस करणे शक्य नाही, कुणा अर्धवट गवंड्याचे काम असणार, वगैरे वगैरे.

गुरुजींनी अहवाल उघडलाच नाही. एवढेच विचारले, "मोजलंस तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच होतो, गुरुजी. खिडकीसमोर उभा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी त्याला नदीकाठच्या शाळेत घेऊन गेले. बाईंची परवानगी घेतली, त्याची मोजपट्टी आणि फोन स्वतःच्या पिशवीत टाकला आणि त्याला पहिलीच्या मुलांत जमिनीवर बसवले. मधल्या सुट्टीपर्यंत उठायचे नाही, अशी ताकीद दिली. आता काय म्हणावे! हातात दोन दिवस, आणि हा पंडित पहिलीच्या वर्गात. त्याचा जीव नुसता वरखाली होत होता. वयोमानाने गुरुजींचे डोके फिरले की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले. चार वेळा मांडी बदलून झाली, दारावरचे घड्याळ पाहून झाले. शेवटी थकून तो निमूट बसला.

शेजारची मुलगी पाटीवर अक्षर गिरवत होती. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती, त्यामुळे हाताची सावली अक्षरावर पडत नव्हती. गिरवता गिरवता तिने मान वळवली आणि बसल्या जागेवरून नदी पाहिली. निशिकांतने तिकडे पाहिले. त्यालाही नदी दिसली.

सुट्टी झाली तेव्हा तो उठला नाही. गुरुजीच आत आले.

"बाळ, ज्या मुलांसाठी ही शाळा बांधली, ती जमिनीवर बसत होती. बाक इतर शाळांत आले, तेही फार नंतर. बसलेल्या मुलाची खिडकी तू उभ्या माणसाच्या मापाने मोजलीस आणि चूक बांधणाऱ्याच्या माथी मारलीस. तो माणूस तुला सरकारी दप्तरात सापडायचा नाही. त्याने पोरांना जिथे बसवलं, तिथे आधी बसायला शीक."

त्या दोन शाळांत बाक होते, हे निशिकांतला आत्ता आठवले. त्याच दुपारी तो पहिल्या शाळेत गेला, रविवारी दुसऱ्या. दोन्हीकडे आधी खिडकीखाली जमिनीवर बसला. भिंतीचा गिलावा तेवढ्याच भागात फुगलेला दिसला. मुख्याध्यापकांना विचारून त्याने तो खरवडला, तर आत नव्या विटा निघाल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जुनी दगडी चौकट खाली गेलेली. बाक आले तेव्हा कुणीतरी खिडक्या अर्ध्या बुजवल्या होत्या. चौकट जमिनीपासून दीड फुटावर संपत होती. त्याला आनंद झाला, पण त्याहून जास्त लाज वाटली. त्याच्या एका वाक्याने नदीकाठची शाळा जमीनदोस्त झाली असती.

सोमवारी नदीकाठच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात, समितीच्या अध्यक्षांनी पुरावा मागितला. निशिकांतने नव्याने लिहिलेला अहवाल पुढे केला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, वाचण्याआधी जरा खाली बसता का?"

गुडघे धरत, कुरकुरत अध्यक्ष मुलांच्या रांगेत बसले. त्यांची मान खिडकीकडे वळली. मग अहवाल मांडीवर मिटूनच ठेवत त्यांनी विचारले, "मघाशी दारातून ही नदी कशी दिसली नाही हो?"