रडण्याची परवानगी

एका राज्यात दुर्जयसेन नावाचा राजा होता, आणि सात समुद्रांपलीकडे त्याचे एक बेट होते. त्याचे म्हणजे काय, तर त्याच्या आजोबांनी गलबतातून बोट दाखवून 'माझे' म्हटले होते, एवढेच. तिथे माणसे राहतात हे त्यांना मागाहून कळले.

राजाच्या मांत्रिकाने बेटावर मंत्र टाकला होता. तिथे जन्मलेले मूल राजाच्या परवानगीशिवाय रडत नसे. गप्प पडून राही आणि हळूहळू निळे होई. राजाचा बोलका राघू परवानगी घेऊन येई. वारा उलटा असला की त्याला उशीर होई, आणि मूल हातचे जाई. तरी लोक हात जोडून आभाळाकडे बघत बसत. काय म्हणावे असल्या सोशिकपणाला!

सोनक्का तिथली सुईण. तिच्या लेकीचे दिवस भरत आले, तेव्हा तिने मंत्र उतरवण्याची विनंती राघूबरोबर राजाला धाडली. राजाने समुद्रतळीचा नागमणी मागितला. लोकांनी तो बुड्या मारून आणला. दोघे वर आलेच नाहीत. मग त्याने जळत्या डोंगराचा निखारा मागितला. तोही ओंजळीतून आणला. राजा म्हणे, आणखी एक.

राघू तिसरे काम घेऊन आला, तेव्हा सोनक्काचा नातू नुकताच जन्मून निळा पडत होता.

"म्हणा, आमचा श्वास राजाने दिला," राघू म्हणाला. "म्हटलेत तर मूल रडेल. न म्हणता रडले, तर समुद्र बेट गिळेल."

पंच म्हणाले, म्हणून टाकू, बोलल्याने काय अंगाला भोके पडतात? लेक आईकडे बघत होती.

सोनक्काचे माथे भडकले. "इतकी बाळंतपणे केली मी. एकाही मुलाच्या अंगावर राजाचा शिक्का पाहिला नाही. जे त्याने दिलेच नाही, ते त्याचे म्हणायचे? पण बेट सगळ्यांचे आहे. सगळ्यांनी सांगा."

"नाही म्हणायचे," तीन लेकरे गमावलेला म्हातारा कोळी म्हणाला. मग बायका म्हणाल्या. मग, जरा उशिराने, पंचही.

सोनक्काने बाळाच्या घशात बोट फिरवले, त्याला उलटे धरले आणि पाठीवर चापट मारली. बाळ रडले. समुद्र उठला, अंगणात शिरला, उंबऱ्याला लागला. कोणी जागचे हलले नाही. मंत्र लोकांच्या मागण्यावर जगत होता. मागणे सरले तसा तो मेला, आणि पाणी आल्या वाटेने परत गेले.

राजाला काय सांगू, असे राघूने चाचरत विचारले.

"सांग, आम्ही आता विचारत नाही. कळवतो आहोत," सोनक्का म्हणाली.

पुढे बेटाने आपला कारभार आपण पाहिला. घरोघरी इतकी रडारड सुरू झाली की कोणाच्या डोळ्याला डोळा लागेना. जशी त्यांची मुले कोणाला न विचारता पोटभर रडली, तशी तुमची-आमचीही रडोत.