म्हाताऱ्या स्प्रिंगची कुरकुर

गाड्यांचे सुटे भाग आपसात बोलायचे, त्या काळची गोष्ट. बाबालाल मिस्त्रींनी शर्यतीच्या जीपला नवा कॅमशाफ्ट बसवला. "आता मी वाऱ्यासारखा फिरणार!" कॅमशाफ्ट म्हणाला.

झडपेची म्हातारी स्प्रिंग घाबरली. "लेकरा, झडप तू उघडतोस, पण बंद करते मी. तुझ्या वेगाला मी पुरले नाही, तर उघड्या झडपेवर पिस्टन आदळेल. इंजिनच फुटेल."

"दमलीस म्हण की, म्हातारे!"

"हो रे बाबा, दमले," ती म्हणाली आणि इंजिन सुरू होताच मोठ्यानं कुरकुरली.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याच्या मुठीला कान लावला, आतली कुरकुर ऐकली. मग सगळ्या झडपांना कडक स्प्रिंगा घातल्या आणि म्हातारीला जीपच्या किल्लीच्या कडीत ओवलं.

जीपनं घाटाची शर्यत मारली. "आजी, जिंकलो!" कॅमशाफ्ट ओरडला. मिस्त्रींनी किल्लीचा हात उंच केला, तेव्हा सगळ्यांच्या वर म्हातारीच झळकत होती.