वेळ काढून आलेला

“पण फुरसत म्हणजे नेमकं काय, एवढं एकच वाक्य सांगा ना, बुवा!”

पुष्करने पुन्हा तेच विचारलं. आता आवाजही चढला होता.

सोनबुवा गोसावी मठीच्या ओट्यावर घोंगडं झटकत होते. त्यांनी खालच्या धरणाकडे पाहिलं. मग पुष्करकडे पाहिलं.

“बस जरा.”

झालं! आल्यापासून हा माणूस दुसरं काही बोलेल तर शपथ.

पुष्कर बसला नाही. एकदा टेकलं की बुटांच्या नाड्या सोडा, पाठीवरची सॅक उतरवा, पाणी प्या, गावगप्पा ऐका... आणि खालची शेवटची एसटी चुकली म्हणजे कल्याणच.

“बुवा, मी मुद्दाम वेळ काढून आलोय.”

“कुठं ठेवलायस?”

“काय?”

“काढलेला वेळ.”

पुष्करने कपाळाला हात लावला. असल्या शब्दांच्या कोट्या ऐकायला का तो एवढा डोंगर चढून आला होता? म्हाताऱ्याला आपण कोण आहोत ते नीट कळलेलं दिसत नाही, असं त्याला वाटलं. मग त्याने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.

“मी कुणी हौशी ट्रेकर नाही. पर्यटनात बी.ए. केलं. मग फुरसत आणि मैदानी मनोरंजन या विषयात एम.ए., तेही पहिल्या वर्गात. आता त्यातच पीएच.डी. चालू आहे. सहलीला जाणारे, डोंगर चढणारे, तळ्याकाठी नुसते बसून राहणारे... सगळ्यांच्या मुलाखती घेतल्यात मी.”

“नुसतं बसणाऱ्यांच्यासुद्धा?”

“त्यांच्या तर सगळ्यात जास्त!”

“म्हणजे त्यांचं बसणं मोडलंस.”

पुष्करचं टाळकं सटकलं. पण अडला होता बिचारा, करतो काय? सोमवारी त्याला समितीपुढे उभं राहायचं होतं.

मागच्या खेपेला समितीतल्या एका सरांनी विचारलं होतं, “फुरसतीत माणसाचं होतं काय, सांगा बरं.” पुष्करने देशोदेशींच्या व्याख्या घडाघडा म्हणून दाखवल्या. सरांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाले, “हे पुस्तकातलं झालं. तुम्हाला काय वाटतं?” तिथे या गड्याची जी दातखीळ बसली, ती बसलीच.

या खेपेलाही तसंच झालं तर नोंदणी रद्द होणार होती. एवढ्या वर्षांच्या कष्टांवर पाणी. आणि घरी आई अजून शेजारणींना मोठ्या कौतुकाने सांगत होती, “आमचा पुष्कर सहलींमधला डॉक्टर होतोय!” तिला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्याला झोप लागत नव्हती.

शेवटी त्याच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “सोनबुवांकडे जाऊन ये. मीही एकदा गेले होते.” पुढे त्यांनी काही सांगितलंच नाही. त्यांचाही आता पुष्करला राग येत होता.

“बुवा, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे हो हा! सोमवारी उत्तर देता आलं नाही तर सगळं संपलं.”

बुवांनी मान डोलावली. घोंगडं ओट्यावर अंथरलं. स्वतः एका कडेला आडवे झाले. अर्धं घोंगडं रिकामंच राहिलं.

“मडक्यात ताक आहे. घे.”

“नको. उशीर होतोय.”

“कशाला?”

पुष्करने घड्याळ पाहिलं. मग, का कोण जाणे, पुन्हा एकदा घड्याळ पाहिलं.

खालून धरणावरचा वारा आला. बुवांनी डोळे मिटून घेतले.

हे बघितलं मात्र, आणि पुष्करचा बांध फुटला.

“तुम्ही झोपताय? मी इथे जीव तोडून विचारतोय आणि तुम्ही खुशाल झोपताय? मला रडू येतंय, कळतंय का तुम्हाला? एक वाक्य मागितलं, बुवा! एक! ते द्यायला तुमचं काय जात होतं?”

बुवांनी कूस बदलली.

“नाही ना सांगायचं? नका सांगू! मॅडमचं ऐकून इथवर आलो, मीच गाढव. जातो मी!”

बुवांनी डोळे उघडले.

“अरे अरे! निघताना जातो म्हणू नये. येतो म्हणावं.”

लहानपणापासून आईने हेच शिकवलेलं. एवढ्या संतापातही पुष्करची जीभ आपसूक वळली.

“बरं, येतो!” तो खेकसला आणि तरातरा पायऱ्यांकडे निघाला.

घोंगड्यावर बुवा आणखी थोडे कडेला सरकले.

“ये की मग. मी केव्हाचा वाट बघतोय.”