आठ ट्रे आणि निळा कप

गुडघे बदलण्यात डॉक्टर सरनोबतांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता, आणि ओरडण्यातही नव्हता.

"मी पाऊण तासात गुडघा बदलतो, आणि पुढची तयारी करायला तुम्हाला दीड तास!"

हुकूम त्यांचाच होता. दर ऑपरेशनला सगळ्या मापांच्या अवजारांचे आठही ट्रे उघडायचे. उघडलेला ट्रे वापरा, नाहीतर नका वापरू, धुऊन वाफेवर निर्जंतुक करावाच लागे. त्यात तिसरा पेशंट राहून जाई. गोदाक्का तर काल दिवसभर उपाशी राहून तशाच वॉर्डात परतल्या होत्या.

आज दुसरं ऑपरेशन उरकून डॉक्टरांनी चहा मागवला. अर्धा तास झाला तरी चहाचा पत्ता नाही. शेवटी ऑपरेशन थिएटरच्या भोरे सिस्टर ट्रॉली ढकलत आल्या. ट्रॉलीवर लहानमोठे चाळीस कप.

"हे काय?"

"कोणता लागेल सांगता येत नाही ना सर. म्हणून सगळे धुऊन आणले."

"बारा वर्षं मी त्या निळ्या कपातच पितोय!"

"हो ना सर. आणि गोदाक्कांच्या गुडघ्याचं माप कालच्या एक्स-रेवर तुमच्याच अक्षरात आहे."

डॉक्टरांनी निळा कप उचलून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "किती ट्रे पुरतील?"

"तीन. बाकीचे हाताशी, पण बंद."

"मग चहा राहू दे. लागा तयारीला. म्हातारी आजही उपाशी आहे."

"तयारी झाली सर," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही चहाची वाट बघत होतात ना, तेवढ्यात. तीनच तर ट्रे करायचे होते. आक्का टेबलावर आहेत."