आईकडचा दोष

“पण बाबा, मी खोटं काय सांगितलं?”

केशवमुनी आश्रमाच्या ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत बसले होते, तसेच निवडत राहिले.

डॉक्टर वझलवारांना गप्प माणसांची सवय नव्हती. जनुकांच्या आजारांवरच्या संशोधनात त्यांचं मोठं नाव. त्यांनी तोंड उघडलं की सभागृह कान टवकारून ऐकायचं. आज मात्र नागपूरहून गाडी काढून ते वऱ्हाडातल्या या आडगावात आले होते, आणि समोरचा म्हातारा मान वर करून बघायलाही तयार नव्हता.

“जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगा,” शेवटी मुनी म्हणाले.

“लहान मूल होतं. चालत नव्हतं, बोलत नव्हतं, नुसतं हसायचं. आम्ही तपासलं. या आजारातलं जनुक आईकडूनही येतं, बापाकडूनही. पण मेंदूत बापाकडचं गप्प असतं, त्याला निसर्गानंच कुलूप घातलेलं. काम करतं ते आईकडचं. या मुलात नेमकं तेच गळलेलं. ते कुलूप कसं उघडायचं, यातच माझी हयात गेली... मी म्हणालो, दोष आईकडचा आहे.”

“कोणासमोर?”

“नवरा होता. सासू होती. आणि ती. पुष्पलता.”

“मंग?”

“सासूनं तिथंच तोंड सोडलं. हिच्या रक्तातच खोट आहे म्हणून. नवरा खाली मान घालून बसला.”

“अन् तुम्ही?”

“मी... मी संगणकात बघत होतो.”

मुनींनी तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“आठवड्याभरात तिनं विहीर जवळ केली, बाबा.”

मुनींचा हात तुरीत थांबला.

“तिचं रक्त तपासलं होतं?”

“घेतलं होतं. अहवाल नंतर आला.” डॉक्टरांनी ओठांवरून जीभ फिरवली. “तिच्यात काहीच नव्हतं. ते जनुक असलेला तुकडा आईच्या पोटात बीज घडतानाच गळतो. कुणाच्याही बाबतीत गळू शकतो. आईकडचा म्हणजे आईचा नव्हे. दोष म्हणजे नुसता बिघाड. आमच्यात तसंच बोलतात...”

“हे तिच्या सासरी माहीत आहे?”

“नाही.”

“काऊन?”

“चौकशी लागली असती. संस्थेचं नाव गेलं असतं. औषधाचं काम अगदी शेवटाला आलंय.” त्यांचा आवाज बारीक झाला. “आता तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडलंय. घराण्याचं रक्तच खराब म्हणतात. मला झोप लागत नाही.”

हे लिहिताना मला त्यांची कीव यायला हवी. येत नाही, त्याला काय करू?

मुनींनी सूप बाजूला सारलं. खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून पदरासारखं ओढलं आणि डॉक्टरांच्या पुढ्यात येऊन बसले.

“मी पुष्पलताची सासू. सांगा मले.”

“बाबा, हे काय भलतंच...”

“सांगा ना जी.”

डॉक्टरांनी घसा साफ केला. “आईकडून आलेल्या प्रतीमध्ये...”

“म्हंजे तिचीच खोट.”

“तसं नाही. पंधराव्या गुणसूत्रावर...”

“मले नाही समजलं.”

“तिच्यात काही नव्हतं!”

अंगणातली माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरांना त्याचं भान नव्हतं.

“काही नव्हतं तिच्यात. अहवाल यायच्या आधी मीच बोलून मोकळा झालो. शहाणपणा नडला मला. आणि तुम्ही तिला वाट्टेल ते बोलत होता, तेव्हा मी गप्प बसलो... तिनं माझ्याकडे पाहिलं होतं. एकदा.”

मग ते रडले. वय, मान सगळं विसरून, हुंदके देऊन रडले.

मुनींनी त्यांना रडू दिलं.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी डोळे पुसले. त्यांचे खांदे सैल झाले होते. चेहऱ्यावर थोडा रंगही परतला होता.

“बाबा, फार दिवसांनी ओझं उतरलं,” ते म्हणाले आणि दंडवत घालायला वाकले.

मुनींनी उपरणं पुन्हा खांद्यावर घेतलं. सूप जवळ ओढलं.

“चुकीच्या दारात उतरवलं तुम्ही, डॉक्टरसाहेब.”