शेवटी पाणी पिणारा तांडेल

एका डोंगराच्या पायथ्याशी सल्लागारांची एक सभा भरत असे. जे कुणालाच सुटत नाही ते तिथे सुटते, अशी तिची ख्याती. सभेला दगडी पायऱ्या होत्या. नवशिका सगळ्यांत खाली बसे, जाणता वर. पण दुसऱ्याच कामात केस पांढरे करून आलेल्याला कुठे बसवायचे? त्यासाठी सभेची रीत मोठी अजब होती. आपली पायरी त्याने स्वतःच निवडायची. मात्र त्या पायरीची जबाबदारी त्याच दिवशी पेलायची.

एकदा गलबतावरचा तांडेल धाकोजी समुद्र सोडून सभेत दाखल झाला. उभे आयुष्य त्याने खलाशांवर हुकूम चालवला होता. आता पोरासोरांच्या शेजारी बसायचे? पांढऱ्या केसांना मान हवासा वाटतो, त्यात नवल नाही. तो थेट सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसला. 

तेवढ्यात एका डोंगरगावचे लोक आले. झरा आटत चालला होता आणि पाण्यावरून गावात डोकी फुटत होती. मुख्य सल्लागार रंगोपंत शांतपणे म्हणाले, "तांडेल, वरच्या पायरीचा शब्द शेवटचा. तुम्ही सांगाल ते हे करतील. चुकलात, तर गाव उजाड होईल."

 वादळाला न भ्यालेला माणूस त्या तहानलेल्या चेहऱ्यांना भ्याला. डोंगरातला झरा त्याने जन्मात पाहिला नव्हता. तो उठला, सर्वांदेखत पायऱ्या उतरला आणि अगदी खाली, गावकऱ्यांजवळ बसला. बराच वेळ त्यांचे ऐकत राहिला.

मग म्हणाला, "मला झऱ्यातलं काही कळत नाही. पण गलबतावर पाणी संपत आलं की तांडेल सगळ्यांच्या शेवटी पितो. तुमच्याकडे शेवटी कोण भरतं?"

गावकऱ्यांनी पाटलाकडे पाहिले. पहिला मान पाटलाचा होता आणि शेवटच्यांच्या वाट्याला गाळ येई. पाटील तिथेच बसला होता. तो उठून म्हणाला, "उद्यापासून माझी घागर शेवटी."

सभा थक्क झाली. पाणी थेंबभरही वाढले नव्हते, तरी भांडण मिटले होते.

रंगोपंत स्वतः खाली आले. त्यांनी धाकोजीचा हात धरून त्याला मधल्या पायरीवर बसवले. "समुद्राचं शहाणपण तुम्ही बरोबर आणलंत, म्हणून तळाशी नाही. डोंगर अजून शिकायचा आहे, म्हणून वर नाही." धाकोजीचे डोळे भरून आले. एवढा मान त्याला गलबतावरही कधी वाटला नव्हता.

तात्पर्य: नव्या कामात जुनी वर्षे मोजत नाहीत, त्या वर्षांतून काय बरोबर आणले आणि काय अजून शिकायचे आहे, हे ज्याला कळते, त्यालाच योग्य जागा मिळते.